आपले मूल आणि इतरांची मुले

दिवाळी सरली की आमच्या बडोद्यात ज्या घरी तीन-साडेतीन वर्षांचे मूल आहे, त्या घरी दुसरा विषय निघत नाही. कोणत्या शाळेचे अर्ज कधी निघतात, बस कोठवर येते, केंद्रीय मंडळ बरे की राज्याचे, फी किती आणि फीखेरीज आणखी किती, याची चर्चा जेवताना होते, लग्नाच्या पंगतीत होते आणि आमच्या सभांच्या चहापानातही होते. ही चर्चा व्यवहाराची असते, आणि ती तशी असणे स्वाभाविकच आहे. परंतु या निवडीत काही नैतिक प्रश्न दडलेला आहे काय, असे क्वचितच कोणी विचारतो. मी तो एकदा विचारला, तेव्हा एका स्नेह्यांनी स्पष्टच सांगितले, "अहो, मूल माझे, पैसा माझा. यात नीतीचा संबंध कोठे आला?"

त्यांचा हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. बडोद्यातच तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या तोंडाने विचारला गेला असला पाहिजे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. शिक्षण मोफत होते, मुलींनाही होते, आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचा दाखला होता. ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले ही गोष्ट वेगळी. मूल माझे, त्याला शेतावर न्यायचे की शाळेत बसवायचे हे मी ठरवीन, असे म्हणणाऱ्या बापाला संस्थानाने दिलेले उत्तर दंडाच्या पावतीवर लिहिलेले होते. मूल केवळ बापाचे नसते, असा त्या पावतीचा अर्थ. अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अंत्यजांच्या मुलांसाठी तेव्हा वेगळ्या शाळा काढाव्या लागत होत्या, आणि शेजारच्या बाकावर कोण बसते याची चिंता आपल्या पूर्वजांना आपल्याइतकीच होती.

आज कायदा पालकाला बरेच स्वातंत्र्य देतो. शिकण्याचे माध्यम कोणते असावे हेदेखील राज्याने लादता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात ६ मे २०१४ रोजी ठरविले. बेळगावकडील वाचकांना त्याचे महत्त्व सांगायला नको. पण न्यायालयाने निवड आपल्या हाती दिली, एवढ्याने ती योग्य ठरत नाही. उलट, आता दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याची सोयच उरलेली नाही.

येथे एक गोष्ट प्रथम मान्य करून टाकतो. आईबापांनी आपल्या मुलाकडे इतरांच्या मुलांहून अधिक पाहू नये, असे सांगणारे तत्त्वज्ञान मला पटत नाही. रात्री मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारी आई त्याला, गोष्ट न ऐकता झोपणाऱ्या मुलापेक्षा, काही अधिक देत असते. तो अन्याय आहे असे कोणी म्हणणार नाही. हॅरी ब्रिगहाउस आणि ॲडम स्विफ्ट या दोन तत्त्वचिंतकांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा तपशिलाने विचार केला आहे. गोष्ट सांगण्यात माया आहे, नाते आहे, आणि मिळणारा लाभ हा त्या नात्याचा ओघ आहे. पैसे देऊन खास शाळा घेण्यात असे काही नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. भेद मार्मिक आहे, परंतु तो आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येईल असे मला वाटत नाही. ज्या गल्लीतील सरकारी शाळेत दोन इयत्तांना मिळून एक शिक्षिका आहे आणि तिचेही निम्मे दिवस निवडणुकीच्या नि जनगणनेच्या कामात जातात, तेथून मूल काढणारा बाप काही विशेष विकत घेत नसतो. केवळ शिकवणे विकत घेत असतो. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला?

अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातील सरकारी नोकर, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच पाठवावीत, अशी व्यवस्था करण्याचे आदेश दिले होते. प्रत्यक्षात ते कागदावरच राहिले. अनेकांनी त्यांची थट्टा केली, तरी त्यामागचे निदान अचूक होते. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली दाखवून दिले की एखादी संस्था ढासळू लागली म्हणजे माणसांपुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा आवाज उठविणे; आणि ज्यांचा आवाज सर्वांत ठणठणीत, तेच बहुधा सर्वांत आधी निघून जातात. पत्र कसे लिहावे, कोणाला भेटावे, माहिती कशी मागवावी हे जाणणारा पालक गेला की मागे उरतात ती गप्प बसणारी माणसे, आणि शाळेला जाब विचारणारे कोणी उरत नाही. म्हणून निघून जाणाऱ्याच्या अंगावर एक देणे राहते. ते मुलाला त्या शाळेत परत बसवून फिटत नाही; माझ्या तत्त्वासाठी पाच वर्षांच्या पोरीची वर्षे खर्ची घालण्याचा हक्क मला नाही. पण ते देणे आहे, हे नाकारताही येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. खासगी शाळेत आपण नेमके काय विकत घेतो? माझ्या मते हे तपासण्याची एक साधी कसोटी आहे. जे मला या शाळेत मिळते, तेच उद्या आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंच्या मुलालाही मिळू लागले, तर माझ्या लेखी त्याची किंमत कमी होईल काय?

ताराबाई मोडक यांचे उदाहरण घेऊ. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाची जी पद्धत घडविली, ती प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गाच्या मुलांसाठी होती. तीच पद्धत घेऊन त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. महागडी साधने तेथे नव्हती. शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला. यामुळे भावनगरच्या मुलांच्या वाट्याचे काही उणे झाले काय? काहीच नाही. हे खरे शिक्षण. वाटल्याने ते आटत नाही. याउलट 'त्या' शाळेत शिकलो हे सांगण्यातला मान, तेथील ओळखी, विशिष्ट ढंगाचे इंग्रजी, यांचे मोल इतरांना ते मिळत नाही यावरच टिकून असते. एकाच पावतीवर आपण या दोन्हींचे पैसे भरतो, आणि कशाचे किती हे पावती सांगत नाही.

ही कसोटी काल्पनिक राहिलेली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना मोफत देण्याचे बंधन घातले, आणि १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद उचलून धरली. अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र तिच्या बाहेर राहिल्या. हे प्रवेश आमच्याकडे पहिलीला होतात. फी भरणारे मूल तोवर त्याच आवारात नर्सरी, ज्युनिअर, सिनिअर करून आलेले असते. त्यामुळे नवे मूल वर्गात शिरते ते तीन वर्षे मागून, आणि मग 'या मुलांना काही येत नाही' असे म्हणायला आपण मोकळे! माझ्या परिचयातील एक तरुण पिता म्हणाला, "ती मुले वर्गात येणार असतील, तर आम्ही फी कशाची भरायची?" तो दुष्ट नाही. कर्ज काढून फी भरतो. पण प्रामाणिकपणे बोलल्यामुळे त्याच्या तोंडून त्याने काय विकत घेतले होते ते बाहेर पडले.

आपल्या मराठी मंडळींना आणखी एक हिशेब द्यावयाचा आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील आमच्या पिढीची मुले मराठी शाळांत शिकली. त्या शाळांचे वर्ग ओस पडले ते कोणा सरकारच्या हुकुमाने नव्हे. एकेका घराने, आपापल्या मुलाच्या हितासाठी, रीतसर दाखला काढून नेला म्हणून. गुजरात सरकारने २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती शिकविणे सक्तीचे केले, ते मला योग्यच वाटते. ज्या भूमीत राहतो तिची भाषा यायलाच हवी. इंग्रजीची काळजी शाळा घेतात, हिंदी आपोआप येते. मराठीचे काय, हे विचारायला आता शाळाच उरलेली नाही. आपण सभांतून 'मराठी टिकली पाहिजे' असे ठराव करतो, तेव्हा ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी कितींनी त्या शाळेच्या पालकसभेत कधी पाय ठेवला होता?

आमच्या नातीच्या वेळी घरात बराच खल झाला. शेवटी मुलाने आणि सूनबाईंनी दोन गल्ल्या पलीकडची, गुजराती माध्यमाची एक खासगी शाळा पसंत केली. इमारत जुनी आहे, पोहण्याचा तलाव वगैरे काही नाही. सूनबाई कामकाजाच्या दिवशी, न कळवता, जाऊन आल्या होत्या. पुस्तकांचे कपाट उघडे होते, आणि दोन मुले एका पुस्तकासाठी भांडत होती, एवढे त्यांना पुरले. मराठी वाचणे माझ्याकडे आले आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास, बहुधा कुरकुरीसह. पुढल्या जूनमध्ये नात पहिलीत जाईल आणि तेव्हाच वर्गात ती मागून येणारी मुले येतील. त्यांच्यासाठी पहिले तीन महिने रोज एक वेगळा तास ठेवावा, लागल्यास पालकांपैकी काहीजण मदतीस येतील, असा अर्ज मुलाने गुजरातीत लिहून मुख्याध्यापिकांकडे देण्यासाठी तयार केला आहे. आजवर त्यावर अकरा पालकांच्या सह्या झाल्या आहेत. वर्गात मुले अडतीस आहेत.