दोन अमानती

माणसाच्या कंबरेचे माप आणि थोडे रक्त घेऊन त्याच्या पुढच्या काही वर्षांबद्दल सांगता येते काय? आणि येत असेल, तर ते कोणी, कोणाला आणि कसे सांगावे? पहिला प्रश्न डॉक्टरांचा आहे, दुसरा आपल्या सर्वांचा. आम्ही जळगावच्या एका उर्दू शाळेतील शिक्षक. आमच्यातले काही जण धुळ्याचे, शनिवारची एस.टी. पकडून घरी जाणारे. हा दुसरा प्रश्न आमच्या शाळेच्या व्हरांड्यातच येऊन उभा राहिला, म्हणून त्याविषयी लिहावेसे वाटले.

घडले ते असे. काही वर्षांपूर्वी एका मंडळाने आमच्या शाळेत आरोग्य शिबिर भरवले. शिक्षक, पालक, शिपाई, सर्वांची उपाशीपोटी रक्ततपासणी झाली, कंबर मोजली गेली, रक्तदाब घेतला गेला. दोन दिवसांनी एक कार्यकर्ता यादी घेऊन आला आणि व्हरांड्यात उभे राहून नावे वाचू लागला. कोणाचे तीन आकडे वाढलेले, कोणाचे चार. आमचे शिपाईचाचा अंगाने सडपातळ, रोज सायकलवर येणारे. त्यांचेही तीन निघाले. मगरिबपर्यंत मोहल्ल्यात बातमी पोचली की चाचांना शुगर आहे.

चाचांना शुगर नव्हती. पण त्यांच्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालू होती. समोरच्यांनी निरोप धाडला, "घरात बीमारी आहे म्हणतात, जरा थांबू या." ते थांबणे कायमचे ठरले. यादी वाचली जात असताना आम्हीही तिथेच उभे होतो. आमच्यापैकी एकानेही त्या कार्यकर्त्याला "बस करा" म्हटले नाही.

हे 'तीन आकडे' कसले, ते आधी पाहू. डॉक्टर पाच गोष्टी तपासतात. कंबर आपल्याकडील पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० किंवा त्याहून अधिक आहे काय? रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १५० किंवा अधिक आहे काय? एचडीएल, म्हणजे चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी आहे काय? रक्तदाबाचा वरचा आकडा १३० किंवा खालचा ८५ अथवा त्याहून अधिक आहे काय? उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक आहे काय? पाचपैकी तीनांचे उत्तर 'होय' आले, की त्या अवस्थेला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. या गोष्टी एकाच माणसात एकत्र का सापडतात, याची मांडणी अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली केली. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे होते, हे त्यांनी मूळ कारण मानले. अशा माणसाला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट आणि हृदयविकाराचा दुप्पट असतो, असे जगातील जाणकार संस्थांनी २००९ साली एकत्रितपणे सांगितले. म्हणजे हा धोक्याचा इशारा आहे. मधुमेह झाल्याचा दाखला नव्हे. आमच्या व्हरांड्यात नेमका हाच फरक हरवला.

पण सायकल चालवणाऱ्या सडपातळ माणसाच्या नावापुढे तीन आकडे का यावेत? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचा निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीदार, असा हा आपला भारतीय देह आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा साधी मोजपट्टी आपल्याबद्दल अधिक खरे बोलते.

डॉ. याज्ञिक यांचे काम याच्याही मागे जाते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. गरोदरपणाआधी या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने हलकी जन्मली. हातपाय बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने बरीच टिकून होती. कंबरेवर पुढे जो आकडा दिसतो त्याची सुरुवात आईच्या पोटातच होत असावी, असे हे काम सांगते.

आता हा आकडा कोणाच्या माथी मारायचा? "तू जास्त खातोस, तू आळशी आहेस," असे चाचांना म्हणायचे काय? की त्यांच्या अम्मीला विचारायचे, जी सर्वांना वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेले खात असे? आकड्यात त्या माणसाचा वाटा असतो, हे खरे. पण त्यात त्याच्या आईची उपासमार, त्याच्या गल्लीची अरुंदी आणि त्याच्या कामाचे तासही मिसळलेले असतात. सगळा हिशेब एकट्याकडून वसूल करणे हा इन्साफ नव्हे.

दुसऱ्या बाजूने आमच्यातीलच एक आपा म्हणतात, "जे तकदीरमध्ये आहे ते होणारच. आधीच कळून फक्त झोप उडते." हा विचार आम्ही हसण्यावारी नेत नाही. उद्याची भीती आजचा घास कडू करते, हे त्यांनी घरात पाहिले आहे. पण यावर आमचा धंदाच आम्हाला काही शिकवतो. बी.एड.ला मूल्यमापनाच्या तासाला आम्ही शिकलो की चाचणीचे गुण विद्यार्थ्याबद्दल काही सांगतात, सर्व काही सांगत नाहीत. तरी "हा मुलगा दहावी होणार नाही" असे आम्ही कितीदा बोलून गेलो, आणि त्यातली कितीतरी मुले पास होऊन पेढे घेऊन आली. त्या पेढ्यांनी आमची मान खाली गेली आहे.

देहाच्या भाकिताचेही तसेच आहे. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी शंभरातील ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना चालण्याची आणि आहाराची नीट साथ मिळाली, त्यांच्यात ही संख्या शंभरात ३९ वर आली. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. काहीच वेगळे न करता ४५ जण त्या तीन वर्षांत वाचले, म्हणून भाकीत हा फैसला नव्हे. आणि साथ मिळाली म्हणून आणखी सोळा जण वाचले, म्हणून तदबीर फुकट जात नाही. ऊंट बांधून मग तवक्कल करावे, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. ते सोळा जण कोण, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच प्रत्येकाला सांगितले पाहिजे.

मग सांगायचे कसे? आमच्या मते येथे दोन अमानती आहेत. देह ही माणसाकडे सोपवलेली अमानत आहे. तिची खबर घेणे त्याचे कर्तव्य, म्हणून माप टाळणे बरोबर नाही. पण त्या देहाचा आकडा ज्याच्या हाती पडतो, त्याच्याकडे तीही अमानतच असते. सरकारी तपासणीसाठी आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरील माणसांचे फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, आईवडिलांचे आजार विचारतात. त्या कागदाला पहिल्या अमानतीइतकेच जपले पाहिजे. आमच्या व्हरांड्यात पहिलीच्या नावाखाली दुसरीत खयानत झाली. वाचणाऱ्याने केली, आणि ऐकत उभे राहिलेल्या आम्हीही केली.

या दुसऱ्या अमानतीत आणखी एक गोष्ट येते. धोका सांगणाऱ्याने वाटही दाखवली पाहिजे. धुळ्यात यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला "रोज चालायला जा" म्हणणे सोपे आहे. ज्या मोहल्ल्यात मैदान नाही, तिथल्या बायांना तेच सांगणे त्याहून सोपे. वाट न दाखवता दिलेला इशारा हा नुसता इल्जाम होतो.

आम्ही फार काही केले नाही. आता शिबिर झाले की प्रत्येकाची चिठ्ठी घडी घालून त्याच्याच हातात देतो आणि एक शिक्षक बाजूला बसून समजावतो की हा आजार नाही, इशारा आहे. असरनंतर शाळेचे पटांगण तासभर स्त्रियांना चालण्यासाठी उघडे ठेवतो. स्टाफरूममध्ये चहासोबतची खारी बंद केली, त्यावरून कुरबूर अजून चालते.

चाचांची मुलगी पुढे दुसऱ्या घरी नांदायला गेली, सुखात आहे. चाचा निवृत्त झाले. मागच्या शिबिराला आम्ही बोलावले तर ते आले, रांगेत उभे राहिले, रक्तही दिले. चिठ्ठी हातात मिळाल्यावर त्यांनी ती न वाचताच खिशात ठेवली आणि विचारले, "सर, या वेळी मोठ्याने वाचणार नाही ना?"

आम्ही नाही म्हटले. तेवढे उत्तर द्यायला आम्हाला फार वर्षे लागली.