गुडघा कुणाचा, निर्णय कुणाचा?

अम्मीने साठी ओलांडली आणि तिचे गुडघे कुरकुरू लागले. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "सांध्यातली कूर्चा झिजली आहे." डायक्लोफेनॅकची गोळी किंवा त्याच औषधाचे मलम, असे दोन पर्याय त्यांनी सांगितले, आधी मलम लावून पाहा, असेही सुचवले. अम्मीने मात्र गोळी मागितली. मी निश्चिंत झालो. तिची पसंती तिने सांगितली होती. पुढे वर्षभर जुन्या चिठ्ठीवर मीच गोळ्या आणत राहिलो.

वर्षभरात पोटात आग पडू लागली, रक्तदाबही वाढला. डॉक्टरांनी गोळी बंद केली. मग एका रात्री मी तिच्या गुडघ्याला मलम चोळत होतो, तेव्हा ती सहज बोलून गेली, "बेटा, गोळी पाण्याबरोबर गिळली की झालं. मलम दिवसातून तीन-चारदा चोळायचं. माझी बोटंच आखडतात. दुल्हन दिवसभर राबते, तिला किती हाका मारू?"

म्हणजे अम्मीने गोळी निवडलीच नव्हती. कुणावर भार होऊ नये, हे तिने निवडले होते. आम्ही त्यालाच पसंती समजलो.

रुग्णाच्या मताला मान द्यावा, हे आज सगळेच म्हणतात. या आजारात तर त्याला विशेष अर्थ आहे. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अद्याप नाही. गोळ्या फक्त वेदना कमी करतात, त्याबदल्यात जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांना धोका पत्करावा लागतो. मलमाचा फारच थोडा अंश रक्तात जातो, म्हणून तो धोका कमी. व्यायाम आणि वजन कमी करणे यांचा उपयोग होतो, पण त्याला चिकाटी लागते. किती आरामासाठी किती धोका पत्करायचा, याचे उत्तर कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात सापडत नाही. ज्याला दुखते त्यालाच ते ठरवावे लागते.

पण ठरवण्यासाठी आधी खरे कळायला हवे. रोफेकॉक्सिब हे औषध १९९९ साली अमेरिकेच्या बाजारात आले. पोटाला सौम्य, अशी त्याची ख्याती होती. त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे सिद्ध झाल्यावर २००४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. तोवर ज्यांनी ते पसंतीने घेतले, त्यांच्या पसंतीला काय अर्थ होता? गंमत अशी की फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सल्लागार समितीने १७ विरुद्ध १५ मतांनी ते पुन्हा उपलब्ध करण्यास अनुकूलता दर्शवली. औषध काही परतले नाही. पण धोका समोर दिसत असतानाही जाणकारांत एवढी फूट पडते, तिथे रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने परस्पर निर्णय घेणे किती धाडसाचे आहे, हे लक्षात येते.

माहिती मिळाली तरी प्रश्न संपत नाही. आपल्या घरांतल्या बायकांना 'मला काही नको' म्हणण्याची सवय लहानपणापासून लागलेली असते. पैसे वाचावेत म्हणून त्या औषध नाकारतात आणि आपण त्याला सब्र म्हणून गौरवतो. सब्र ही मोठी गोष्ट आहे. पण एकाच्या सब्रवर दुसऱ्यांची सोय उभी राहत असेल, तर त्या सोयीचा हिशेब कुणी तरी मांडला पाहिजे.

"दुखणं किती आहे?" असे आम्ही अम्मीला नेहमी विचारायचो. "काय करायचं राहून जातं?" असे विचारले ते फार उशिरा. ती म्हणाली, "सजदा." खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज होते, ही सवलत तिला ठाऊक आहे, गरज पडते तेव्हा ती घेतेही. पण जमेल त्या दिवशी कपाळ जमिनीला टेकावे, एवढीच तिची इच्छा. जिने चढणे, बाजाराला जाणे हे सारे तिच्या लेखी दुय्यम होते. पुढच्या खेपेला ही गोष्ट तिने स्वतः डॉक्टरांना सांगितली. त्यांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले आणि मलम चालू ठेवले.

आता रोज फजरच्या आधी आणि रात्री मी मलम चोळतो. दुपारचे काम नातीने घेतले आहे. सजदा रोज जमतोच असे नाही. जमेल त्या दिवशी मात्र ती मला आपणहून सांगते.