घोडनदीकाठची दफने आणि परलोकाची कल्पना

मृताच्या देहाचे जिवंतांनी काय केले हे उत्खननातून कळते. मृत्यूनंतर काय उरते असे ते मानत होते, हे मात्र मातीतून थेट निघत नाही, आणि दफने उकरणाऱ्या प्रत्येक पुरातत्त्वज्ञाला या दोहोंमधले अंतर सांभाळावे लागते. ईजिप्तमध्ये हे अंतर काही अंशी लेखांनी भरून निघते, कारण सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतींवरच परलोकयात्रेचे मंत्र कोरलेले आहेत. पण फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९४-९५ मध्ये नकादा येथे खोदलेली थडगी राजवंशपूर्व काळातील असल्याने भांड्यांच्या बदलत्या घाटांवरूनच त्यांना त्यांचा पूर्वापर क्रम लावावा लागला. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगाचे, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या शेतकरी वस्त्यांचे, अभ्यासक याच स्थितीत आहेत.

अशी एक वस्ती प्रवरेकाठी नेवासे येथे होती. पुढे जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या या गावी ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केले, तेव्हा एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली. परंतु या प्रश्नाची खरी परीक्षा झाली ती शिरूर तालुक्यातील इनामगावला. तेथे घोड नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केले. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवून त्यांत, घराच्या जमिनीखालीच पुरलेले होते. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे निजवलेले होते, आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली होती. मृताने परत येऊन त्रास देऊ नये, किंवा घर सोडून जाऊ नये, असे दोन्ही अर्थ यातून निघतात. एक भीतीचा आणि दुसरा मायेचा. ज्या माणसांनी आपली मुले स्वतःच्या निजण्याच्या जागेखाली ठेवली, त्यांच्या बाबतीत दुसरा अर्थ अधिक पटतो, तरी तो पुरावा नव्हे, अनुमानच आहे.

मोह सर्वांत प्रबळ होतो तो एका पाच खोल्यांच्या घरातील दफनापाशी. तेथे चार पायांच्या, कच्च्या मातीच्या रांजणात एका प्रौढ पुरुषाला बसवलेले होते, त्याची पावले शाबूत होती आणि जवळच्या एका भांड्यावर वल्ह्यांची नाव रंगवलेली होती. गिझा येथे खुफूच्या पिरॅमिडशेजारी १९५४ मध्ये मिळालेली लाकडी नौका आठवून या नावेला परलोकाची नाव म्हणणे सोपे आहे. बैठ्या देहाला साधूंच्या समाधीशी जोडणे तर त्याहून सोपे. पण घोड नदीकाठी राहणाऱ्यांना खरीखुरी नावही ठाऊक असणार, आणि समाधीची परंपरा त्यांच्यानंतर कितीतरी शतकांनी आकाराला आली, म्हणून तिचा अर्थ मागे नेणे अन्यायाचे ठरते.

उकरलेले दफन पुन्हा पूर्ववत करता येत नाही, तेव्हा मृतांप्रती पुरातत्त्वज्ञाचे पहिले कर्तव्य हेच, की हाडे, भांडी आणि दिशा यांची नोंद स्वतःच्या अर्थापासून वेगळी ठेवावी. म्हणजे ज्याला तो अर्थ पटणार नाही, त्या वाचकालाही नोंद वापरता येते.