सावलीच्या वास्तू

आकाशाच्या मोजमापासाठी माणसाला पायऱ्या चढून जाता येईल अशी वास्तूच उभारावी, हा विचार प्रथम सौंदर्याच्या ओढीने जन्मास आला नाही. पंधराव्या शतकात तैमुरी राजा उलूघ बेगाने समरकंदला सुमारे ४० मीटर त्रिज्येचा चाप बांधविला तो अचूकतेसाठी. चाप जितका विशाल, तितका अंशाचा प्रत्येक विभाग रुंद, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. तीनशे वर्षांनी जयपूरचा राजा सवाई जयसिंग याने तोच हिशेब पुढे नेला. पितळी यंत्रांचे आस झिजतात व केंद्रे ढळतात, ही तक्रार त्याच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद आहे, म्हणून त्याने दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी व मथुरा येथे दगडचुन्याची यंत्रे उभी केली. जयपूरच्या सुमारे २७ मीटर उंच सम्राट यंत्राच्या, म्हणजे प्रचंड सूर्यघडीच्या, चापावर सावली मिनिटाला सुमारे ६ सेंटिमीटर सरकते, आणि पृथ्वीचे फिरणे, जे बुद्धीने मानावे लागते, ते तेथे उघड्या डोळ्यांना दिसते.

या उद्योगात कोणत्याही परंपरेचा दुराग्रह नव्हता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित जयसिंगाच्या पदरी होते. आणि पोर्तुगालला धाडलेल्या शिष्टमंडळाने फ्रेंच ज्योतिर्विद ला हीर याची कोष्टके आणली, तेव्हा दरबारात त्यांचा आदर झाला तसाच ताळाही घेतला गेला, व चंद्राच्या स्थितीत अर्ध्या अंशाची तफावत निघाली.

दुर्बिणीच्या युगात या यंत्रांचा व्यावहारिक उपयोग सरला. परंतु उपयोगाच्या ओझ्यातून सुटल्यावरच त्यांचे दुसरे सामर्थ्य प्रकट झाले. १९४९ साली भारतात आलेल्या इसामू नोगुची या शिल्पकाराने त्यांची छायाचित्रे टिपली, आणि पुढे येल विद्यापीठातील त्याच्या संगमरवरी उद्यानात त्या आकृतींचे संस्कार उतरले. तरी त्याची दृष्टी आकृतीपाशी थांबली, असे मला वाटते. अमेरिकन कलावती नॅन्सी होल्टने १९७६ साली युटाच्या वाळवंटात पूर्ण केलेल्या ‘सन टनेल्स’ या कलाकृतीत वास्तूचे मूळ कार्यही जिवंत राहिले: काँक्रीटच्या चार प्रचंड नळ्या अयनदिनांच्या उदयास्तांकडे रोखलेल्या आहेत, आणि त्यांना पाडलेल्या छिद्रांतून चार तारकापुंजांची रूपे प्रकाशाने आतील अंधारात उमटतात. कारखान्यात ओतले जाणारे काँक्रीट आणि अनादि सूर्य यांच्यामध्ये माणूस येथे स्वतः उभा राहतो. आजची वेधसाधने अपार दूरचे पाहतात. पण त्यांच्या मोजमापात पाहणाऱ्याच्या देहाला जागा उरलेली नाही, आणि ही उणीव कलेने भरून काढावी, हेच तिच्यापुढील रास्त कर्तव्य आहे.

देहाने असा अनुभव घेण्याची जागा आपल्या जवळही आहे: जयसिंगाच्या उज्जैनच्या वेधशाळेची दुरुस्ती १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने झाली, आणि तिची व्यवस्था गोविंद सदाशिव आपटे यांनी पाहिली. महाकालाच्या दर्शनास जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंनी तेथेही अवश्य जावे, व छायाचित्र काढून लगबगीने परतण्याऐवजी सावली एक विभाग ओलांडीपर्यंत यंत्रापाशी थांबावे.