नियत आणि निकाल

4 ऑगस्ट 2019 रोजी आमच्या ठाकुर्लीपासून फार लांब नसलेल्या खडवलीजवळ, पुराने वेढलेल्या जू-नांदखुरी गावातून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने 58 माणसे उचलली. वैमानिकाचे नाव आम्ही विचारले नाही. नौदलाच्या कमांडर विजय वर्मांचे नाव मात्र आम्हाला पाठ आहे. 17 ऑगस्ट 2018 ला केरळात, अलुवा येथे, पाणी सुटलेल्या एका गरोदर बाईला त्यांच्या हेलिकॉप्टरने छतावरून वर घेतले. आधी डॉक्टरला खाली सोडले. तिला उचलणे झेपेल का, हे त्याने तपासले, मगच तिला दोराने ओढले. त्याच दिवशी तिला मुलगा झाला. पुढे वर्मांना नौसेना पदक मिळाले.

दोर तुटला असता तर? हिंमत तीच, कसब तेच. पण आपण त्याला आततायीपणा म्हटले असते. आपल्या घराघरांत नियत बघायला शिकवतात, टाळ्या मात्र निकालाला पडतात. नुसती नियतही पुरत नाही म्हणा. डॉक्टरला न उतरवता तिला ओढले असते, तर बाळ सुखरूप जन्मूनही आम्ही त्याला शहाणपण म्हटले नसते.

26 जुलै 2005 च्या पुरात आमच्या चाळीतला एक पोरगा पाण्यात उतरला, म्हातारीपर्यंत पोहोचला, पण तिला आणू शकला नाही. पुढे कितीतरी वर्षे आम्ही त्याला एवढेच विचारत राहिलो, "कशाला गेलास रे?" कमरेला दोर बांधूनच तो उतरला होता.