बंदिवासातील क्रौर्य : हेतू आणि स्थिती

प्राण्यांवरील क्रौर्याचा विषय निघाला की चाबूक उगारणारा, जनावराला उपाशी ठेवणारा निर्दय माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि त्याला शिक्षा झाली की प्रश्न मिटला असे मानले जाते. भारतातील बंदिवान हत्तींचा विचार करता ही समजूत अपुरी ठरते. कारण देवस्थानांनी आणि मठांनी पाळलेल्या हत्तीभोवती द्वेष नसतो, उलट झूल, हार, नैवेद्य आणि मनापासूनची भक्ती असते, आणि तरीही त्याचे आयुष्य यातनामय असू शकते. म्हणून क्रौर्याची ओळख माणसाच्या हेतूवरून न करता प्राण्याच्या वाट्याला आलेल्या स्थितीवरून करावी लागते.

रानातला हत्ती दिवसाचा बहुतेक काळ चालण्यात आणि चरण्यात घालवतो, तर माद्या आणि पिल्ले एका वयस्क मादीच्या मागे कळपाने राहतात. असा प्राणी कठीण फरशीवर, साखळदंडाने बांधलेल्या स्थितीत वर्षानुवर्षे उभा राहिला की त्याचे तळवे भेगाळतात, नखांच्या मुळाशी जखमा चिघळतात आणि सांधे धरतात. मनावरचा परिणामही दिसून येतो : एकाच जागी शरीर झुलवणे, डोके सतत हलवणे अशी निष्कारण पुनरावृत्ती सुरू होते, जिला प्राणिवर्तनाच्या अभ्यासात ‘साचेबद्ध वर्तन’ म्हणतात. पाहणाऱ्याला हत्ती आनंदाने डोलतो आहे असे वाटते; प्रत्यक्षात ते कोंडलेल्या जीवनाचे लक्षण असते. त्याची आज्ञाधारकताही बहुधा लहानपणी जखडून आणि अंकुश टोचून दिलेल्या शिक्षणातून आलेली असते, म्हणजे तिच्या मुळाशी वेदनेची आठवण असते.

कायद्याने या स्थितीची दखल घेतली आहे, पण अर्धवट. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 11 नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. मात्र काय वाजवी आणि काय अवाजवी हे तेथे मोकळे सोडले आहे आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये एवढाच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 ने हत्तीला सर्वोच्च संरक्षण दिले आणि बंदिवान हत्तीच्या विक्रीला मनाई केली, तरी 2022 च्या दुरुस्तीने मालकीचे प्रमाणपत्र असलेल्या हत्तीला ‘धार्मिक किंवा अन्य’ कारणासाठी हलवण्याची वाट खुली ठेवली.

अधिक नेमका मापदंड ब्रिटनमध्ये 1965 साली सादर झालेल्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालातून पुढे विकसित झाला. त्याला ‘पाच स्वातंत्र्ये’ म्हणतात : भूक-तहानेपासून, शारीरिक गैरसोयीपासून, वेदना, इजा व रोगापासून, आणि भय व मानसिक क्लेशापासून मुक्ती, तसेच स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मधील जल्लीकट्टूविषयक निकालात हीच तत्त्वे 1960 च्या अधिनियमाशी जोडून वाचली. या मापदंडाचे बळ असे की त्यात मालकाच्या मायेची मोजणी होत नाही. साखळीची लांबी, पायाखालची जमीन, पाणी, सोबत आणि औषधोपचार यांची होते.

भक्ती आणि हत्तीचे हित यांच्यातला संघर्ष कोल्हापूर परिसराने जवळून पाहिला आहे. जोतिबा देवस्थानाला दान मिळालेल्या सुंदर हत्तीची 2014 मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथे रवानगी झाली. 2025 मध्ये नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण न्यायालयाच्याच आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणिसंगोपन केंद्रात नेली गेली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि त्यानंतर नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. लोकांचा तो जिव्हाळा खोटा म्हणणे अन्यायाचे होईल. पण जिव्हाळा हा काळजीचा पुरावा होऊ शकत नाही, आणि हत्ती नेणाऱ्या मोठ्या केंद्रालाही मठाला लावलेलीच कसोटी तितक्याच काटेकोरपणे लावली पाहिजे.

प्रतिबंधाचे उपाय याच विचारातून निघतात. दंडाची रक्कम वाढवणे आवश्यक आहे, पण त्याआधी साखळी, जमीन, आहार आणि वैद्यकीय तपासणी यांचे मोजता येणारे किमान निकष ठरवून स्वतंत्र पशुवैद्यांकडून त्यांची नियमित पाहणी व्हावी. माहुताला पुरेसे वेतन आणि नवे प्रशिक्षण मिळावे, म्हणजे मजबूत अडसराआडून, खाऊचे बक्षीस देत हत्ती हाताळण्याची पद्धत अंकुशाची जागा घेईल. आज बंदिवासात असलेल्या हत्तींची आयुष्यभर निगा राखणे हे समाजाचे देणे आहे. मिरवणुकीसाठी नवा हत्ती आणणे मात्र देवस्थानांनी आणि भाविकांनी स्वतःहून थांबवावे.