एक मूठ नैवेद्य

भाविकहो,

समुद्रमार्गे बोटीने अथवा अलिबागवरून रस्त्याने आपण मांडव्यास येता, तेव्हा श्रींसाठी हाती नारळ-फुलांबरोबर बहुधा पेढ्यांचा पुडा असतो. देवापुढे गोड ठेवावे ही आपली जुनी रीत आणि तिच्यामागील भाव निर्मळ आहे. परंतु देवाला प्रिय असलेले गोड कोणते, याचे चिंतन आज करू या.

श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात सुदाम्याची कथा आहे. त्याच्या पुरचुंडीत चार मुठी पोहे होते, तेही मागून आणलेले. त्यांत साखर नव्हती, तूप नव्हते. भगवंतांनी एक मूठ प्रेमाने खाल्ली. दुसरी मूठ उचलताच रुक्मिणीने त्यांचा हात धरला आणि एवढे पुरे, असे सुचविले. या कथेत दोन उपदेश आहेत. गोडी पदार्थात नसून अर्पण करणाऱ्याच्या भावात आहे, हा पहिला. आणि एका मुठीत तृप्ती आहे, हा दुसरा. द्वारकाधीशालाही जेथे मर्यादा सांगितली गेली, तेथे आपण मर्यादा पाळण्यात कमीपणा कसला?

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागितले आहे. आपल्या कोकणातील पूर्वजांनी हे मर्म जाणले होते. उकडीचे मोदक, हळदीच्या पानातील पातोळ्या, नारळी पौर्णिमेचा नारळीभात यांत गूळ असे, पण सोबत वाडीतला नारळ आणि घरचा तांदूळ असे. शिवाय हे पदार्थ सणाला होत. एरवीची गोडाची इच्छा केळे, फणसाचे गरे किंवा उकडलेले रताळे भागवीत असे.

आज मात्र चहा, बिस्किटे, शीतपेये यांच्या रूपाने रोजच सण साजरा होतो. उसातील तंतू व इतर द्रव्ये काढून टाकल्यावर उरते ती शुभ्र साखर. तिच्यात ऊर्जा आहे, पण पोषण जवळजवळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक बरे. हे ५ टक्के म्हणजे प्रौढ माणसास सुमारे २५ ग्रॅम, साधारण ६ चहाचे चमचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. या व्याधीची कारणे अनेक असली, तरी अति गोडाने वाढणारे वजन तिला वाट करून देते.

येथे एक सावधगिरी हवी. गूळ आणि मध सात्त्विक मानले जातात, म्हणून ते हवे तेवढे खावेत असे नाही. शरीराच्या हिशेबी तीही साखरच होय. अख्ख्या फळाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते, चावून खावे लागते म्हणून तृप्तीही लवकर येते. तेव्हा गोडाची ओढ लागली की एखादे केळे, दोन खारका, ओल्या खोबऱ्याचा तुकडा घ्यावा. चहातील साखर अर्ध्या अर्ध्या चमच्याने कमी करावी. जीभ काही दिवसांत रुळते. मधुमेही भाविकांनी मात्र फळांचेही प्रमाण वैद्यांना विचारून ठरवावे. औषध चालू असता उपाशी राहून दर्शनास येऊ नये. एकाएकी घाम, थरथर वा चक्कर आल्यास त्या क्षणी साखरच तारक ठरते, म्हणून ती जवळ असू द्यावी. वस्तू वाईट नसते, अतिरेक वाईट असतो.

गीतेचा अठरावा अध्याय सांगतो की, जे सुख आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे, ते राजस. जे आरंभी कठीण पण शेवटी अमृतमय, ते सात्त्विक. जिभेचा संयम हा या सात्त्विक सुखाचा पहिला पाठ होय.

प्रसाद नाकारला तर देव कोपेल, या भीतीने अनेक रुग्ण मनाविरुद्ध गोड खातात. भाविकहो, प्रसाद कणभर घेतला तरी तो पूर्णच असतो. उरलेला मस्तकी लावून दुसऱ्यास द्यावा. कोणी एवढेच घेतले, तर त्याला आग्रह करू नये. दानशूर भक्तांसही नम्र विनंती आहे की, मिठाईऐवजी केळी, नारळ, खारीक, तीळ किंवा ऋतूतील फळे अर्पण करावीत. ती बागायतदाराच्या घामाची आणि भूमातेच्या कृपेची असतात. आणि लहान मूल, वृद्ध, रुग्ण अशा बहुतेकांच्या ओंजळीत आपापल्या प्रमाणात देता येतात.

देवापुढे हात जोडून आपण म्हणतो, 'गोड मानून घे.' नैवेद्य साधा असला तरी तो गोड मानून घेणारा देव आपल्याला लाभला आहे. आपणही साधे अन्न गोड मानून घेण्यास शिकू या. श्रींची कृपा आपणा सर्वांस आरोग्य आणि संयम देवो.

॥ शुभं भवतु ॥